अमेरिकेत सीपीए शोधताना या चुका टाळा

भारतात हिशेबाची वही पाहणाऱ्या कोणालाही सरसकट 'सीए' म्हणण्याची आपली सवय अमेरिकेत आल्यावरही सुटत नाही, आणि सीपीए, म्हणजे राज्याचा परवाना असलेला लेखापाल, शोधतानाची पहिली चूक तिथूनच सुरू होते. फेब्रुवारी लागला की ओळखीपाळखीतून चार-पाच फोन नंबर मिळतात, प्रत्येकाबद्दल 'आमचा सीपीए' असेच सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांपैकी एखाद्याकडे केवळ पीटिन, म्हणजे पैसे घेऊन इतरांचे फेडरल रिटर्न भरण्यासाठी आयआरएस या केंद्रीय कर खात्याकडून घ्यावा लागणारा क्रमांक, एवढेच असते. हा क्रमांक मिळवण्यासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. त्यामुळे पीटिन असणे ही कायद्याची किमान अट झाली; तो पात्रतेचा पुरावा नव्हे.

सीपीएचा परवाना केंद्र सरकार देत नाही, तर प्रत्येक राज्याचे बोर्ड ऑफ अकाउंटन्सी देते. त्या बोर्डाच्या संकेतस्थळावर, किंवा अनेक राज्यांची माहिती एकत्र पाहता येणाऱ्या 'सीपीएव्हेरिफाय' या मोफत सुविधेत, नाव टाकले की परवाना चालू आहे की मुदत संपली आहे हे कळते. शिस्तभंगाची कारवाई झाली असल्यास तीही बहुतेक राज्यांत शोधता येते. या कामाला पाच मिनिटे पुरतात, पण ती सहसा कोणी देत नाही. मात्र परवाना नसलेला प्रत्येक जण टाळावा, असेही नाही. एनरोल्ड एजंट हे आयआरएसची तीन भागांची परीक्षा देऊन किंवा तिथल्या नोकरीच्या अनुभवावर मान्यता मिळवलेले करतज्ज्ञ असतात, आणि सीपीए किंवा वकिलाप्रमाणेच त्यांनाही आयआरएससमोर तुमची बाजू मांडण्याचा पूर्ण अधिकार असतो. ज्याचे काम केवळ करापुरते आहे, त्याला चांगला एनरोल्ड एजंट पुरतो, असे माझे मत आहे.

दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण ती परवाना तपासूनही होते. सीपीए ही पदवी व्यापक आहे. एखाद्याने उमेदीची सारी वर्षे मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षणात घालवलेली असतात आणि वैयक्तिक रिटर्न तो केवळ हंगामापुरते भरतो. अशा व्यक्तीकडे भारतातील मुदत ठेवी, म्युच्युअल फंड आणि आईवडिलांबरोबरचे संयुक्त खाते घेऊन गेलात, तर तो प्रामाणिकपणेच, पण अपुरे रिटर्न भरण्याची शक्यता असते. अनिवासी भारतीयांच्या एनआरई खात्यावरील व्याज भारतात करमुक्त असले, तरी अमेरिकेत करदाते म्हणून रहिवासी ठरलेल्या व्यक्तीला ते उत्पन्नात दाखवावे लागते. भारतातील बँक एप्रिल ते मार्च या काळाचा दाखला देते, तर अमेरिकेतील रिटर्न जानेवारी ते डिसेंबरचे असते, म्हणून तो दाखला जसाच्या तसा उतरवून घेतला की आकडा चुकतो. परदेशातील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एका दिवसासाठीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो आणि तो रिटर्नला जोडून नव्हे, तर अर्थखात्याच्या फिनसेन या विभागाकडे स्वतंत्रपणे जातो. त्याखेरीज परदेशी आर्थिक मालमत्ता दाखवणारा, रिटर्नला जोडायचा फॉर्म ८९३८ आहे, ज्याची मर्यादा वेगळी आहे: अमेरिकेत राहणाऱ्या अविवाहित व्यक्तीसाठी वर्षअखेरीस ५०,००० किंवा वर्षात कधीही ७५,००० डॉलर, आणि एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्यासाठी याच्या दुप्पट. भारतीय म्युच्युअल फंड तर सामान्यतः 'पीफिक', म्हणजे परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी, या वर्गात मोडतात. त्यांच्यासाठी बहुधा प्रत्येक फंडामागे वेगळा फॉर्म ८६२१ भरावा लागतो आणि करआकारणीही कडक असते.

म्हणून पहिल्या भेटीत 'तुम्हाला भारतातील उत्पन्नाचा अनुभव आहे का' असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर 'हो' असेच येणार. त्याऐवजी 'गेल्या हंगामात तुम्ही फॉर्म ८६२१ किती वेळा भरलात' आणि 'एनआरओ या अनिवासी खात्याच्या व्याजावर भारतात कापलेल्या टीडीएसचे क्रेडिट तुम्ही कसे घेता' असे विचारावे. जाणकार माणूस लगेच परदेशात भरलेल्या कराचे क्रेडिट घेण्याच्या फॉर्म १११६चा विषय काढतो आणि उलट तुमच्याकडेच कागद मागू लागतो. जो काहीच मागत नाही, त्याच्याकडून उठून यावे.

शुल्काच्या बाबतीत स्वस्त-महाग यापेक्षा ते कशावर ठरते हे महत्त्वाचे आहे. परताव्याच्या, म्हणजे रिफंडच्या, टक्केवारीवर शुल्क सांगणाऱ्यापासून दूर राहावे; रिटर्न तयार करण्यासाठी असे शुल्क घेणे सीपीएंच्या व्यावसायिक आचारसंहितेतही निषिद्ध आहे. पैसे घेऊन रिटर्न तयार करणाऱ्याने त्यावर सही करून आपला पीटिन लिहिणे बंधनकारक असते. 'तुम्हीच भरले असे दाखवू' म्हणणाऱ्याला तिथे 'घोस्ट प्रिपेअरर' म्हणतात, आणि चूक निघाली की तो भुतासारखाच नाहीसा होतो. परतावा तुमच्याच बँक खात्यात जातो आहे ना, हे रिटर्न ऑनलाइन पाठवण्याची परवानगी देणाऱ्या फॉर्म ८८७९वर सही करण्यापूर्वी संपूर्ण रिटर्न वाचून पाहावे. रिटर्न कोणीही तयार केले, तरी त्यातील मजकुराची जबाबदारी अखेर करदात्याचीच राहते.

लहान व्यवसाय असेल, तर रोजचे हिशेब ठेवणे, कर भरणे आणि सल्ला देणे ही तीन वेगळी कामे आहेत हे आधी समजून घ्यावे. वर्षभराच्या पावत्या खोक्यात भरून मार्चमध्ये सीपीएपुढे ठेवल्या, तर तो बुककीपरचे काम सीपीएच्या दराने करतो. एकाच मालकाची एलएलसी, म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी, वेगळा अर्ज न केल्यास मालकाच्या वैयक्तिक रिटर्नमधील शेड्यूल सीवर दाखवली जाते. एस कॉर्पोरेशन, म्हणजे नफा थेट मालकांच्या रिटर्नमध्ये जाणारी कंपनी, व्हायचे असल्यास फॉर्म २५५३ करवर्ष सुरू झाल्यापासून दोन महिने १५ दिवसांच्या आत द्यावा लागतो. ठरावीक अटींवर उशिराच्या अर्जालाही सवलत मिळते, परंतु त्या भरवशावर राहू नये. कॅलेंडर वर्ष पाळणाऱ्या भागीदारीचे आणि एस कॉर्पोरेशनचे रिटर्न १५ मार्चला देय असते, १५ एप्रिलला नव्हे. हा महिन्याचा फरक नवा व्यावसायिक हमखास विसरतो. बँकेने कर्जासाठी ताळेबंद मागितला असेल, तर तिला संकलन (केवळ आकड्यांची मांडणी) हवे, पुनरावलोकन (मर्यादित तपासणी) हवे की पूर्ण लेखापरीक्षण, हे लेखी विचारून मगच सीपीए शोधावा, कारण तिन्हींच्या खर्चात मोठी तफावत असते आणि प्रत्येक सीपीए तिन्ही करतोच असे नाही.

'जवळचा' या शब्दाला मी फारसे महत्त्व देत नाही. राज्याच्या आणि शहराच्या करांची माहिती हवी म्हणून स्थानिक माणूस उपयोगी, हे खरे. परंतु कार्यालय दोन मैलांवर असूनही प्रत्यक्ष काम अमेरिकेबाहेरील कर्मचारी करत असतील, तर तुमची कराची माहिती तिकडे पाठवण्यापूर्वी तुमची लेखी संमती घेणे आवश्यक असते. सहीच्या गठ्ठ्यात तो कागद असतो का, हे पाहावे. कामाची व्याप्ती, शुल्क आणि नोटीस आल्यास उत्तर देण्याचे पैसे वेगळे आहेत का, हे करारपत्रात लिहून घ्यावे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शोध सुरू केला असेल, तर घाईने कोणालाही काम देण्यापेक्षा फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत घ्यावी. ही मुदत रिटर्न भरण्यासाठी असते, पैसे भरण्यासाठी नाही, म्हणून अंदाजे कर १५ एप्रिललाच भरावा. मुदतही घेतली नाही आणि रिटर्नही भरले नाही, तर न भरलेल्या करावर दरमहा ५ टक्के, कमाल २५ टक्क्यांपर्यंत दंड लागतो. केवळ पैसे उशिरा भरल्याचा दंड दरमहा अर्धा टक्काच असतो.

चुकीच्या हाती काम गेल्याचे नंतर लक्षात आले, तर आधी आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे नोंदींचा उतारा, काढून प्रत्यक्षात काय भरले गेले ते पाहावे. साधी चूक १०४०-एक्स या सुधारित रिटर्नने दुरुस्त होते. जास्त भरलेला कर परत मागायचा असल्यास सामान्यतः तीन वर्षांची मर्यादा असते. आधीची तीन वर्षे स्वच्छ असतील, तर पहिल्या दंडात माफी मागता येते. परदेशी खाती अजाणतेपणी दाखवायची राहिली असतील, तर त्यासाठी 'स्ट्रीमलाइन्ड' ही वेगळी प्रक्रिया आहे. तिथे आपली ही चूक हेतुपुरस्सर नव्हती हे सहीनिशी सांगावे लागते, आणि हेतूबद्दल जरा जरी शंका असेल, तर सीपीएऐवजी आधी करविषयक वकील गाठावा. जुना प्रिपेअरर शुल्काच्या वादावरून तुमचे मूळ कागद अडवून धरत असेल, तर ते त्याने मागणी होताच परत करणे सामान्यतः अपेक्षित असते. ही मागणी लेखी करावी, आणि उत्तर न आल्यास तो सीपीए असल्यास राज्याच्या बोर्डाकडे, आणि आयआरएसकडे फॉर्म १४१५७वर तक्रार नोंदवावी. त्याने तुमच्या संमतीशिवाय रिटर्नमध्ये फेरफार केला असेल, तर त्याबरोबर फॉर्म १४१५७-ए जोडावा.