विहिरीच्या पाण्यातील लोह आणि मँगनीज: तपासणी व उपाय

कोकणात जांभा भेदून खाली गेलेल्या काही विंधण विहिरींचे पाणी उपसताना काचेसारखे स्वच्छ दिसते आणि बादलीत तासभर राहिले की तांबूस पडते. खोलवर प्राणवायू नसल्यामुळे लोह तेथे विरघळलेल्या रूपात असते. हवा लागली की त्याचा गंज बनतो आणि तळाशी बसतो. मँगनीज मात्र हवेला सहजी दाद देत नाही. पाणी निवळ दिसत राहते आणि काही आठवड्यांनी टाकीच्या कडेला व नळाच्या तोंडाशी काळा थर धरतो. म्हणून तांबडेपणा गेला एवढ्यावरून पाणी सुधारले असे समजू नये.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर कोरा चहा करून पाहावा. लोह जास्त असल्यास तो शाईसारखा काळपट होतो. पाण्यावर तेलकट तवंग दिसल्यास तो काडीने मोडावा. त्याचे तुकडे होऊन ते वेगळे राहिले तर तो बहुधा लोहजीवाणूंचा असतो. पुन्हा जुळला तर तेलाचा संशय घ्यावा.

मात्र खरा निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरच घ्यावा. ग्रामपंचायतीकडील तपासणी संचात लोहाची चाचणी असते, मँगनीजची बहुधा नसते. त्यामुळे नमुना जिल्हा प्रयोगशाळेत देताना लोह, मँगनीज आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी) या तिन्ही चाचण्या स्पष्टपणे मागाव्यात. पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून, टाकीत जाण्यापूर्वीचे पाणी घ्यावे. प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत आम्ल घातलेले असेल तर ती विसळू नये. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) लोहाची मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीनंतर लिटरला १ मिलिग्रॅम आहे, मँगनीजची ०.१, आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र बाटलीने दूध पिणाऱ्या बालकांचा विचार करून मँगनीजसाठी ०.०८ ही मर्यादा सुचवली आहे, आणि घरात तान्हे मूल असेल तर हाच आकडा धरणे मला योग्य वाटते.

लोहासाठी पाणी छिद्रांच्या पत्र्यातून खाली शिंपडत टाकीत सोडावे, काही तास निवळू द्यावे आणि वाळूच्या गाळणीतून काढावे. पीएच ७ च्या खाली असेल तर ही क्रिया फार मंदावते, आणि जांभ्यातील पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी असते; अशा वेळी ते आधी चुनखडीच्या खड्यांवरून न्यावे. हवेऐवजी टीसीएल पावडर (क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर) वापरायची झाल्यास १,००० लिटर पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम दराने असलेल्या लोहासाठी साधारण २ ग्रॅम क्लोरीन खर्च होते. शिल्लक राहणारे थोडे धरल्यास २५ टक्के क्लोरीन असलेली पावडर सुमारे १० ग्रॅम लागते. जुनी, ओलसर पावडर या हिशेबात बसत नाही.

केवळ हवेने मँगनीज काढण्यासाठी पीएच ९ च्या वर न्यावा लागतो, जे घरी व्यवहार्य नाही. त्यासाठी मँगनीज डायऑक्साइडचा लेप असलेल्या वाळूची गाळणी घ्यावी आणि तिच्या आधी क्लोरीन द्यावे. गाळणी उलट्या प्रवाहाने नियमित धुवावी. निघालेला गाळ विहिरीपासून दूर टाकावा. पाणी उकळून मँगनीज जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. आरओ यंत्र बसवायचेच असेल तर या सर्व गाळणीनंतर बसवावे, अन्यथा लोह त्याचा पडदा लवकर निकामी करते.

यंत्रणा सुरू झाल्यावर महिन्याभराने गाळणीपूर्वीचा आणि नंतरचा असे दोन नमुने पुन्हा प्रयोगशाळेत द्यावेत.