इआ ओता: लिंबू आधी, नारळाचं दूध शेवटी

ताहितीच्या इआ ओतात, म्हणजे लिंबात मुरवलेल्या कच्च्या माशात, दोन गोष्टी हमखास बिघडतात: मासा चिवट होतो, नाहीतर नारळाचं दूध फुटतं.

१. अर्धा किलो ताज्या कुप्याचे (ट्यूना) दोन सेंटिमीटरचे तुकडे मिठाच्या गार पाण्यातून काढून निथळा.
२. चार-पाच लिंबांचा रस घालून ढवळा. पाचच मिनिटं! कडा पांढुरक्या, आत लाल हवं. जास्त ठेवलं की चिवट झालंच.
३. रस ओतून टाका. दूध फुटतं ते याच उरलेल्या आंबटामुळे.
४. काकडी, टोमॅटो, कांदा, मीठ.
५. वाढताना एक कप घट्ट नारळाचं दूध.

लिंबाने मासा शिजल्यासारखा दिसतो, पण जंतू मरत नाहीत. कच्चा खाण्याजोगाच मासा घ्या.