हनोईचा मनोरा: हॅस्केलमध्ये रिकर्शन शिकायचं असेल तर

रिकर्शन म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं. ते शिकवताना बहुतेक ठिकाणी फॅक्टोरियलने सुरुवात होते. तिथे अडचण अशी की फॅक्टोरियल साध्या लूपनेही (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवून) तितकंच सहज सुटतं, त्यामुळे रिकर्शनची गरज का पडली हे कळतच नाही. फिबोनाचीचंही तेच. हनोईच्या मनोऱ्याची गोष्ट वेगळी आहे. हे कोडं लूपने सोडवायला बसलात तर डोकं फिरतं, आणि रिकर्शनने सोडवलंत तर दोन ओळींत संपतं. हॅस्केलसारख्या फंक्शनल भाषेत लूप नसतोच, म्हणून हे कोडं तिथेच सोडवावं.

एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये हे कोडं खेळणं म्हणून बाजारात आणलं. तीन खुंट्या, पहिलीवर खाली मोठी आणि वर लहान अशा रचलेल्या चकत्या. एका वेळी एकच चकती हलवायची, लहानीवर मोठी ठेवायची नाही, आणि सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. काशीच्या मंदिरात ६४ सोन्याच्या चकत्या हलवण्याचं काम चालू आहे आणि ते संपलं की जग संपेल, ही दंतकथा या खेळण्याभोवतीच रचली गेली. सेकंदाला एक चकती हलवली तरी त्याला साधारण ५८,५०० कोटी वर्षं लागतील.

कोड लिहिण्याआधी कागदावर तीन चकत्या सोडवा. खुंट्या अ, ब, क. मनोरा अ वरून ब वर न्यायचा आहे. चाली अशा होतात: अ→ब, अ→क, ब→क, अ→ब, क→अ, क→ब, अ→ब. एकूण सात. चौथी चाल नीट बघा. सर्वांत मोठी चकती या एकाच चालीत हलते. तिच्या आधीच्या तीन चालींनी वरच्या दोन चकत्या क वर गेल्या, नंतरच्या तीन चालींनी त्याच दोन ब वर आल्या. सगळं उत्तर इथेच आहे.

हॅस्केलमध्ये आधी टाइप लिहायचा, म्हणजे फंक्शन कसल्या गोष्टी घेतं आणि काय परत देतं ते, मग फंक्शन. खाली नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये नावं आणि अंक रोमन कीबोर्डवरचे घ्या.

हनोई :: इंट -> खुंटी -> खुंटी -> खुंटी -> [चाल]
हनोई ० अ ब क = []
हनोई न अ ब क = हनोई (न-१) अ क ब ++ [(अ,ब)] ++ हनोई (न-१) क ब अ

खुंटी म्हणजे स्ट्रिंग (अक्षरांचं नाव), चाल म्हणजे दोन खुंट्यांची जोडी. [] म्हणजे रिकामी लिस्ट, ++ म्हणजे दोन लिस्ट जोडणं. पहिली खुंटी सुरुवातीची, दुसरी मुक्कामाची, तिसरी मदतीची. हा क्रम कमेंटमध्ये लिहून ठेवा, कारण पुढच्या निम्म्या चुका त्यातूनच येतात.

नवशिके इथे एक गोष्ट हमखास करतात: न = ३ घेऊन प्रत्येक कॉलच्या आत, त्याच्या आत, असं उतरत जातात आणि तिसऱ्या पायरीवर हरवतात. तसं उतरू नका. लहान मनोरा हलवणारा कॉल बरोबर चालतो असं धरून चाला आणि फक्त एवढं तपासा: तो कॉल बरोबर असेल तर माझी ही एक ओळ बरोबर आहे का? अकरावीच्या गणितात ज्याला विगमन म्हणतात तेच हे. शून्यासाठी खरं आहे, आणि न-१ साठी खरं असेल तर न साठीही खरं आहे, मग सगळ्यांसाठी खरं. चालींची संख्याही अशीच निघते: दोनदा लहान मनोरा आणि मध्ये एक चाल. म्हणून १, ३, ७, १५, ३१. दहा चकत्यांना १,०२३, वीस चकत्यांना १०,४८,५७५.

आता काय बिघडतं ते.

बेस केस, म्हणजे रिकर्शन जिथे थांबतं ती ओळ, एकऐवजी शून्य ठेवा. एक चकती ठेवली तरी चालतं, पण मग शून्य दिल्यावर फंक्शन ऋण संख्यांमध्ये उतरत जातं, थांबत नाही, मेमरी फुगते आणि मशीन जड होतं. कंट्रोल-सी दाबून बाहेर पडा. समीकरणांचा क्रम उलटा झाला तरी हेच होतं. हॅस्केल वरून खाली जुळवून बघतं, न ला शून्यही जुळतं, त्यामुळे खालच्या ओळीपर्यंत पाळी येतच नाही. जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर त्याची वॉर्निंग देतो, ती वाचा.

न-१ भोवतीचा कंस विसरलात तर येणारा एरर मेसेज लांबलचक आणि गोंधळात टाकणारा असतो. कारण साधं आहे. फंक्शनला आर्ग्युमेंट देणं हे वजाबाकीपेक्षा घट्ट बांधलं जातं, म्हणून कंपायलर ते ‘हनोई न’ वजा ‘१ अ क ब’ असं वाचतो. मधल्या चालीभोवतीचा चौकोनी कंस विसरला तरी टाइप एरर येतो: ++ ला दोन्ही बाजूंना लिस्ट लागते, नुसती जोडी चालत नाही.

यापेक्षा वाईट चूक म्हणजे खुंट्यांची अदलाबदल. तिन्ही खुंट्यांचा टाइप एकच, त्यामुळे कंपायलर काहीच बोलत नाही. समजा पहिल्या कॉलमध्ये ‘अ क ब’ ऐवजी ‘अ ब क’ लिहिलं. एका चकतीला उत्तर बरोबर येतं. दहा चकत्यांना चाली मोजल्या तर १,०२३ येतात, म्हणजे तेही बरोबर. पण दोन चकत्यांच्या चाली छापून बघा: अ→ब, अ→ब, क→ब. दुसऱ्याच चालीत मोठी चकती लहानीवर बसली. म्हणजे नुसती लांबी तपासून काही सिद्ध होत नाही.

त्यासाठी तपासणारं फंक्शन वेगळं लिहा. हाच या कोड्यातला दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा धडा आहे, कारण इथे रिकर्शन संख्येवर नाही, लिस्टवर चालतं. तीन खुंट्यांच्या तीन लिस्टा ठेवा, प्रत्येकीत सर्वांत वरची चकती पुढे. चाली संपल्या की हाती असलेली स्थिती परत द्या. चाल शिल्लक असेल तर निघायच्या खुंटीवरची पहिली चकती काढा. खुंटी रिकामी असेल, किंवा जिथे ठेवायची तिथे वर लहान चकती असेल, तर नथिंग, म्हणजे ‘उत्तर नाही’. नाहीतर नवी स्थिती घेऊन उरलेल्या चालींसह तेच फंक्शन पुन्हा. उत्तराचा टाइप मेबी, म्हणजे एक तर स्थिती, नाहीतर नथिंग. शून्य ते दहा चकत्यांवर चालवलंत की अदलाबदलीची चूक लगेच उघडी पडते.

स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कॉलची नोंद ठेवणारी जागा, भरेल ही भीती या कोड्यात अनाठायी आहे. चाली कितीही असोत, कॉलची खोली न इतकीच. टेल रिकर्शनच्या (स्वतःला बोलावणं हेच फंक्शनचं शेवटचं काम ठेवण्याच्या) मागेही इथे लागू नका. हां, ++ मुळे डावीकडची लिस्ट प्रत्येक पातळीवर पुन्हा कॉपी होते. ते टाळायचं असेल तर उरलेल्या चाली पाचवं आर्ग्युमेंट म्हणून पुढे न्या (: हे चिन्ह लिस्टच्या पुढे एक घटक लावतं):

हनोई ० अ ब क उरलेल्या = उरलेल्या
हनोई न अ ब क उरलेल्या = हनोई (न-१) अ क ब ((अ,ब) : हनोई (न-१) क ब अ उरलेल्या)

पहिली आवृत्ती पाठ झाल्याशिवाय हिच्याकडे वळू नका. हॅस्केलचा आळशीपणा, म्हणजे लागेल तेवढंच काढायची सवय, हीही इथेच अनुभवता येते: ६४ चकत्यांच्या पहिल्या सात चाली टेक या फंक्शनने मागा, क्षणात मिळतात. मात्र त्या लिस्टची लांबी मागू नका.

हे जमलं की चौथी खुंटी घ्या. १५ चकत्यांना तीन खुंट्यांवर ३२,७६७ चाली लागतात, चार खुंट्यांवर १२९. वरच्या काही चकत्या चारही खुंट्या वापरून बाजूला ठेवायच्या, उरलेल्या जुन्या तीन खुंट्यांच्या फंक्शनने हलवायच्या, मग बाजूच्या परत आणायच्या. किती बाजूला ठेवायच्या यावर सगळं अवलंबून आहे. दरवेळी दोन सोडून बाकीच्या ठेवल्या तर ५०९ चाली होतात. निम्म्या ठेवल्या आणि विषम संख्येला मोठा अर्धा घेतला तर १९३. सर्व पर्याय रिकर्शननेच तपासून सर्वांत लहान निवडला तर १२९ येतात, त्यात पहिल्या पायरीला १० चकत्या बाजूला जातात. मधला भाग चुकून चार खुंट्यांच्या फंक्शनने हलवलात तर मोठ्या चकत्या बाजूला ठेवलेल्या लहान चकत्यांवर जाऊन बसतात. चौथ्या खुंटीसाठी तपासणाऱ्या फंक्शनमध्ये चौथी लिस्ट वाढवली असेल तर ते तिथेच नथिंग देतं.