बर्फाच्या पाण्यात हात, दंडाला पट्टा

कोल्ड प्रेसर चाचणीत हात बर्फाच्या पाण्यात घालून रक्तदाब किती चढतो ते बघतात. माणूस आला की लगेच रक्तदाबाचा पट्टा गुंडाळू नका. आमच्या प्रयोगशाळेत सगळे दोन जिने चढून येतात. १० मिनिटं निवांत बसवा. चहा-तंबाखू अर्धा तास आधीच बंद. हृदयविकार असलेल्यांना घेऊच नका.

पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या पातळीवर. मूळ रक्तदाब तीनदा मोजा. मग दुसरा हात मनगटापर्यंत ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, १ मिनिट. पाणी ढवळत राहा, नाहीतर हाताभोवती कोमट थर धरतो; माझे पहिल्या आठवड्याचे आकडे त्यातच गेले! रक्तदाबाचा आकडा हात पाण्यात असतानाच घ्या. कळ लागली की लोक श्वास रोखतात, त्यानेही आकडा बदलतो, म्हणून मी त्यांना हळू आवाजात उलटे आकडे मोजायला लावायचे. बोलण्यानेही दाब चढतो हे नंतर कळलं. आता फक्त ‘श्वास चालू ठेवा’ एवढंच सांगते.