रानरोपांचं अनुकूलन आणि जनुकांचा शोध : प्रकल्पात या चुका टाळा

दर पावसाळ्यात एमएस्सीची दोन-तीन मुलं टाकळ्याची रोपं घेऊन माझ्या दारात उभी राहतात. एक रोप इंदूरजवळच्या सिमरोलच्या काळ्या मातीतलं. दुसरं भेरू घाट उतरल्यावर, बडवाहच्या वाटेवरच्या मुरमाड उतारावरचं. पहिलं मांडीएवढं उंच, दुसरं जेमतेम वीतभर. मग ठरलेलं वाक्य येतं : "मॅडम, निमाडातला टाकळा उन्हाशी जुळवून घेऊन बुटका झालाय. आम्हाला त्याचा जनुक शोधायचाय."

मला हा उत्साह फार आवडतो. इंदूरहून, म्हणजे माळव्याच्या पठारावरून, निघालं की थोड्याच वेळात खालच्या निमाडाकडे तीनशेहून जास्त मीटरचा उतार लागतो, माती बदलते, उन्हाळा बदलतो. असा निसर्गाचा प्रयोग घराजवळ असणं हे भाग्यच. पण मुलांच्या त्या एका वाक्यात चार दावे आहेत. रोपांत फरक आहे, हा पहिला. तो आनुवंशिक आहे, हा दुसरा. त्या जागी तो रोपाच्या फायद्याचा आहे, हा तिसरा. आणि तो अमुक जनुकामुळे आहे, हा चौथा. पहिला डोळ्यांना दिसतो. उरलेल्या तिन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. मी पाहिलेले बहुतेक प्रकल्प एका दाव्याचा पुरावा दुसऱ्याला लावताना फसले आहेत.

आधी रोप कोणतं ते पाहा

भाजीसाठी टाकळा खुडताना कोणी पानावरच्या ग्रंथी मोजत नाही, प्रकल्पात मात्र मोजाव्या लागतात. सेना टोरा आणि सेना ऑब्ट्युसिफोलिया या दोन जाती इतक्या सारख्या दिसतात की कितीतरी वर्षं त्या एकच मानल्या गेल्या. टोरात पानाच्या खालच्या दोन्ही पर्णिकाजोड्यांमध्ये (पर्णिका म्हणजे एका पानाचे छोटे भाग) एकेक ग्रंथी असते आणि फुलाचा देठ आखूड असतो. ऑब्ट्युसिफोलियात ग्रंथी फक्त सर्वांत खालच्या जोडीत असते, देठही लांब असतो. कासविंदा त्यामानाने लगेच ओळखू येतो, त्याची पर्णिका टोकदार असते. घाटावरून एक जात आणि घाटाखालून दुसरी गोळा केली, तर तुम्ही वर्षभर अनुकूलन मोजत नसता, दोन जातींमधला जुना फरक मोजत असता. प्रत्येक ठिकाणचं एक रोप फुला-शेंगांसकट दाबून, वाळवून ठेवा. शंका आली की तेच कामाला येतं.

दूर्वांवर काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. दूर्वा धावत्या खोडांनी पसरतात. गणपतीसाठी एका कोपऱ्यातून खुडलेल्या एकवीस दूर्वा बहुधा एकाच रोपाच्या असतात. त्या एकवीस काड्यांचा डीएनए काढला, तरी आकडेमोडीत नमुना एकच. शिवाय दूर्वांत गुणसूत्रांचे दोन, तीन आणि चार संच असलेली रोपंही सापडतात, आणि संच वाढले की पानाचा आकार, वाढीचा वेग असं बरंच काही त्याबरोबर बदलू शकतं. संच न मोजता जनुकाच्या मागे लागू नका.

आईची शिदोरी

बुटकं रोप बुटकं का, याचं सर्वांत साधं उत्तर असतं : त्याला खायला-प्यायला कमी मिळालं. तेच बी काळ्या मातीत पडलं असतं तर कदाचित मांडीएवढं झालं असतं. एकाच जनुकसंचाचं रोप परिस्थितीप्रमाणे वेगळं रूप घेतं, त्याला आपण लवचीकता म्हणतो. ही शंका दूर करायची रीत जुनी आहे. स्वीडनच्या योटे ट्युरेसन यांनी वेगवेगळ्या अधिवासांतली रोपं एका बागेत शेजारी शेजारी वाढवली आणि 1922 मध्ये 'इकोटाइप' (त्या त्या अधिवासाशी जुळलेला वंश) हा शब्द दिला. पुढे कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हायसी यांनी पोटेंटिला या रानरोपाच्या एकेका रोपाचे तुकडे केले आणि तेच रोप तीन उंचींवर लावलं : समुद्रसपाटीजवळ स्टॅनफर्ड, सुमारे 1,400 मीटरवर मेथर आणि सुमारे 3,050 मीटरवर टिंबरलाइन. जनुकसंच तोच राहिला, जागा बदलली. त्यामुळे परिस्थितीचा वाटा किती आणि वंशाचा किती, हे वेगळं करता आलं. त्यांचं 1940 चं हे काम मी आजही पहिल्याच तासाला फळ्यावर काढते.

आपल्याकडे ही बाग म्हणजे गच्ची आणि कुंड्या. तिथे सगळ्यात जास्त नडतं ते बी. बी एकटं येत नाही, आईने बांधून दिलेली शिदोरी बरोबर आणतं. काळ्या मातीत पोसलेल्या आईचं बी जड असतं आणि त्यातून निघणारं रोप पहिले काही आठवडे पुढे राहतं. तो फरक वंशाचा वाटतो, पण असतो शिदोरीचा. म्हणून रानातून आणलेल्या बियांची पहिली पिढी सारख्या कुंड्यांत वाढवा, तिचं बी धरा आणि मोजमाप दुसऱ्या पिढीवर करा. एवढा वेळ नसेल तर प्रत्येक बी पेरण्याआधी वजन करा आणि हिशोबात धरा. हे केलेलं नसेल, तर निष्कर्षात 'आनुवंशिक' हा शब्द वापरू नका.

दुसरं दुखणं उगवणीचं. टाकळ्याच्या बियांचं कवच कठीण असतं, पाणी आत शिरत नाही. शंभर बिया पेरल्या आणि अकरा उगवल्या, तर त्या अकरा ठरावीक स्वभावाच्याही असू शकतात, आणि न उगवलेल्या एकोणनव्वद तुमच्या वहीत कुठेच नसतात. पेरण्याआधी प्रत्येक बी पॉलिश पेपरवर हलकं घासा. दोन्ही ठिकाणच्या बियांना सारखंच घासा. किती उगवल्या ते ठिकाणवार लिहा, कारण उगवणीतला फरक हीसुद्धा अनुकूलनाची खूण असू शकते.

गच्चीवरच्या चुका मी स्वतः केलेल्या आहेत. एका वर्षी निमाडच्या सगळ्या कुंड्या पाण्याच्या टाकीच्या बाजूला ठेवल्या आणि माळव्याच्या पश्चिमेच्या कठड्याला. महिनाभर फरक स्वच्छ दिसत होता. मग कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून बदलल्या, दर आठवड्याला बदलत राहिले, आणि बराचसा फरक विरून गेला. तो टाकीच्या सावलीचा होता. तेव्हापासून कुंडीवर फक्त क्रमांक असतो. मोजणाऱ्याला रोप कुठलं ते ठाऊक नसतं.

खताचंही सांगते. इंदूर हे कंपोस्टचं गाव. 1924 मध्ये इथे सुरू झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी 'इंदूर पद्धत' घडवली. कुंडी भरली की हात आपोआप खताकडे जातो. पण प्रश्न निकस मातीत तग धरण्याचा असेल, तर भरपूर खताच्या कुंडीत सगळीच रोपं पोसली जातात आणि जो फरक शोधायचा होता तोच झाकला जातो.

आनुवंशिक असला म्हणून उपयोगाचा असतोच असं नाही

समजा, दुसऱ्या पिढीतही निमाडचा टाकळा बुटकाच राहिला. आता तो आनुवंशिक म्हणता येईल, अनुकूलन अजून नाही. रस्त्याच्या कामासाठी आलेल्या मुरमातून पाच-दहा बिया त्या उतारावर पडल्या असतील आणि योगायोगाने त्या बुटक्या वंशाच्या असतील. नैसर्गिक निवडीने काहीच केलेलं नसतानाही पूर्ण उतार बुटका होऊ शकतो.

यावर उपाय अदलाबदलीचा. गोणीतून दोन्हीकडची माती आणा, दोन्हीकडची रोपं दोन्ही मातींत लावा आणि उंची नव्हे, बिया मोजा. घरच्या मातीत घरचं रोप पाहुण्यापेक्षा जास्त बिया देतं, आणि हे दोन्हीकडे घडतं, असं दिसलं तर अनुकूलनाचं बोलता येतं. अर्थात मातीपुरतंच. गोणीतून निमाडचं ऊन आणता येत नाही. आणि एका घाटाची एक जोडी म्हणजे एकच तुलना, मग तिच्यात तीनशे रोपं मोजा. मानपूर–धामणोद आणि पाताळपाणी–काळाकुंड अशा आणखी जोड्या घ्या. प्रत्येक ठिकाणी एकमेकांपासून दूर असलेल्या वीसेक रोपांच्या शेंगा वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. एकाच झुडपाची ओंजळभर बी घेतली तर ते एक कुटुंब झालं, वस्ती नव्हे.

एका वर्षाच्या निकालावरही विसंबू नका. अमेरिकेतल्या मोहावीच्या वाळवंटात लिनँथस पॅरी नावाचं चिमुकलं रोप आहे, त्याची फुलं कुठे निळी तर कुठे पांढरी. आनुवंशिकीतज्ज्ञ सेवल राइट म्हणाले, हा योगायोगाचा खेळ. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल एपलिंग म्हणाले, नाही, ही निवड. वाद दशकानुदशकं चालला. शेवटी डग्लस शेम्स्की आणि पॉलेट बिअर्झिचुडेक यांनी अकरा वर्षं बियांचा हिशोब ठेवला आणि 2001 मध्ये दाखवलं की वसंतात पाऊस कमी झाला की निळ्यांना जास्त बिया येतात, चांगला झाला की पांढऱ्यांना. एकच वर्ष मोजलं असतं, तर त्या वर्षाच्या पावसाने निकाल ठरवला असता. माळव्याचा पाऊस कधीच सारखा नसतो, हे इथल्या मुलांना वेगळं सांगायला नको.

जनुक 'सापडला' की सर्वांत जास्त सावध व्हा

आता डीएनए. पानं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळी हवेत ती संध्याकाळपर्यंत काळी पडतात. सिलिका जेलमध्ये वाळवा. रालामंडल अभयारण्यातून पान घ्यायचं असेल तर आधी वन विभागाची परवानगी घ्या.

खरी फसगत पुढे होते. माळव्याच्या आणि निमाडच्या रोपांचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, तपासला की हजारो ठिकाणी फरक दिसतात. त्यातला एखादा उंचीशी जुळला, की मुलं उड्या मारतात. तेव्हा मी त्यांना पुरणपोळीचं सांगते. इंदूरमध्ये होळीला कोणाच्या घरी पुरणपोळी होते याची यादी करा आणि सगळ्यांचा डीएनए तपासा. मराठी घरांत जरा जास्त आढळणारे अनेक जनुकीय फरक पुरणपोळीशी जुळतील. म्हणून तो पुरणपोळीचा जनुक होत नाही, ते पूर्वजांचं नातं आहे. दोन वस्त्या शेकडो पिढ्या वेगळ्या राहिल्या की अशा खुणा आपोआप साठतात. म्हणून आधी नात्याचा तक्ता मांडा, तो हिशोबात धरा आणि मगच जुळणी पाहा. त्याहून खात्रीचं म्हणजे संकर करून नातवंडांची पिढी तयार करणं. तिच्यात दोन्ही घरांची जनुकं पिसल्या पत्त्यांसारखी मिसळतात आणि नात्याचा गोंधळ बराच सुटतो.

उलटी चूकही होते, खरा जनुक निसटतो. प्रयोगशाळांतल्या लाडक्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या फुलण्याच्या वेळेवर फ्रिजिडा या जनुकाचा मोठा प्रभाव आहे. हिवाळ्याची वाट न पाहता लवकर फुलणाऱ्या बऱ्याच वंशांत तो मोडलेला आढळतो. पण सगळ्यांत एकाच जागी नाही, वेगवेगळ्या वंशांत तो स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या ठिकाणी मोडला आहे. एकच खूण शोधत बसलात, तर हाती अर्धवट जुळणी येते आणि तुम्ही ती सोडून देता.

संकर केला तरी एक गाठ उरते, आणि ती समजवायला मिम्युलसची गोष्ट मला फार जवळची वाटते. कॅलिफोर्नियात कॉपरोपोलिस नावाचं गाव आहे. तिथे 1860 च्या दशकात तांब्याच्या खाणी सुरू झाल्या आणि खाणीच्या ढिगाऱ्यांवर, विषारी मातीत, मिम्युलस गट्टाटस ही रानफुलं तग धरून राहिली. त्यांचा तांबं सोसण्याचा गुण मुख्यतः मोठा प्रभाव असलेल्या एका जनुकावर चालतो. पण याच रोपांचा दूरच्या काही ठरावीक वस्त्यांशी संकर केला की संतती मरते. मॅकनेअर आणि क्रिस्टी यांनी 1983 मध्ये विचारलं : तांबं सोसणारा जनुकच संकराला मारतो का? विचार मोठा होता. अनुकूलनाच्या ओघात नवी जात कशी घडते, ते एकाच जनुकात दिसलं असतं. तीस वर्षांनी, 2013 मध्ये, बारकाईने नकाशा केल्यावर उत्तर मिळालं : जनुक एक नव्हे, दोन आहेत, गुणसूत्रावर अगदी खेटून बसलेले. तांबं सोसणाऱ्याची निवड झाली आणि शेजारचा मारक जनुक त्याच्याबरोबर ओढला जाऊन पसरला. सहलग्नतेची, म्हणजे शेजारी जनुकं एकत्रच पुढे जाण्याची, ताकद ही अशी. तुमची खूण ज्या जागी जुळली, तिथे आसपास डझनभर जनुक असू शकतात. 'हा जनुक' म्हणण्याआधी 'हा पट्टा' म्हणा.

डीएनएच्या अक्षरांचा अनुक्रम वाचला म्हणजे सगळं वाचलं, असंही समजू नका. आपल्या माठ-राजगिऱ्याच्या प्रजातीतलं पामर अमरँथ हे तण अमेरिकेत ग्लायफोसेट या तणनाशकाला दाद देईनासं झालं. ज्या जनुकाचं विकर (एन्झाइम) हे तणनाशक अडवतं, त्याच्या अक्षरांत बदल नव्हता, त्याच्या प्रती वाढल्या होत्या. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात काही रोपांत साध्या रोपांच्या 160 पटींहून जास्त प्रती मोजल्या गेल्या. फक्त अक्षरं तुलणाऱ्याला तिथे काहीच दिसलं नसतं. म्हणून अक्षरांबरोबर प्रतीही मोजा.

लिहिताना एक वाक्य खोडा : 'फवारणीमुळे रोपाने प्रतिकार निर्माण केला.' हरियाणाच्या गव्हात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गुल्लीदंडा हे तण आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाला जुमानेनासं झालं. रोपांनी गरज ओळखून काही केलं नव्हतं. सोसणारी रोपं थोडी का होईना आधीपासून शेतात होती, आणि वर्षानुवर्षं तेच औषध फवारल्यावर बी धरायला तीच उरली. वाक्य असं लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : फवारणीआधी अशी रोपं किती होती?

आणि गच्चीवरच्या टाकळ्याकडे दिवाळीपासून रोज एक नजर टाका. शेंगा पिकून तडकण्याआधी काढा आणि कागदी पाकिटावर आईचा क्रमांक, ठिकाण, तारीख पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते. निमाडच्या मातीच्या गोण्यांतून गाजरगवत उगवलं असेल तर ते फुलण्याआधी उपटून टाका. उरलेलं बी घाटावर किंवा घाटाखाली, कुठेच फेकू नका.