घरच्या रास्पबेरी पायवर बॅकअप मेल सर्व्हर

मुख्य मेल सर्व्हर बंद पडला म्हणून मेल लगेच हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा धडका मारत राहतो. त्यामुळे तासा-दोन तासांच्या खोळंब्यासाठी घरी रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा संगणक) बॅकअप सर्व्हर, म्हणजे मुख्य बंद असताना मेल रांगेत धरणारा आणि नंतर त्याच्याकडे देणारा, उभारायचा खटाटोप नको. बंद काळातला मेल आपल्या ताब्यात, डोळ्यांसमोर रांगेत हवा असेल तरच करा. मुख्य सर्व्हर ऐरोलीत भाड्याचा असेल तर बॅकअप मुलुंडच्या घरी ठीक. दोन्ही एकाच घरात असतील तर वीज गेली की दोन्ही गेले.

इंटरनेटवाल्याला आधीच विचारा: स्थिर सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) मिळेल का, आणि बाहेरून पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) आत येता येतं का? यातलं एकही ‘नाही’ असेल तर इथेच थांबा.

सामान थोडकं: २ जीबीचा रास्पबेरी पाय ४, छोटी एसएसडी (रांगेच्या सततच्या लिखाणाने मेमरी कार्ड झिजतं), ६०० व्हीएचा यूपीएस. पाय, राउटर आणि फायबरचा डबा तिन्ही यूपीएसवर घ्या. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईभर वीज गेली होती, तशा वेळी जिन्यातला केबलवाल्याचा स्विचही बंद पडतो. त्यावर आपला इलाज नाही.

डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) पोस्टफिक्स हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम टाका, ‘इंटरनेट साइट’ निवडा. पुढे ‘सिस्टिम मेल नेम’ विचारतो, तिथे डोमेन (मेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) देऊ नका, बॅकअपचं पूर्ण होस्टनेम (त्या यंत्राचं नाव) द्या. नाहीतर डोमेन ‘माय डेस्टिनेशन’मध्ये (इथेच ठेवायच्या मेलच्या यादीत) जातं आणि मेल पुढे न जाता पायवरच मुरतो. डोमेन ‘रिले डोमेन्स’मध्ये (पुढे द्यायच्या मेलच्या यादीत) लिहा. रांगेची मुदत मुळात ५ दिवस असते, ती १० करा.

सगळ्यात जास्त चुकतं ते ‘रिले रेसिपियंट मॅप्स’. खऱ्या पत्त्यांची ही यादी नसेल तर बॅकअप कुणाच्याही नावाचा मेल घेतो, मुख्य सर्व्हर तो नाकारतो, आणि परतीचा मेल जातो, ज्याचा पत्ता प्रेषक म्हणून खोटाच टाकला होता त्या भलत्याच माणसाला. आयपी काळ्या यादीत जायला एवढं पुरतं. स्पॅमवाले मुद्दाम बॅकअपचंच दार ठोठावतात. नवा पत्ता काढला की यादीतही घाला.

घरगुती आयपीवरून आलेला मेल मुख्य सर्व्हर बहुधा नाकारेल, एसपीएफही (त्या डोमेनचा मेल कुठल्या आयपीवरून यावा याची तपासणी) जुळणार नाही. म्हणून दोघांत वायरगार्डचा बोगदा (इंटरनेटवरून जाणारा खासगी जोड) टाका, ‘ट्रान्सपोर्ट मॅप्स’मध्ये (कुठला मेल कुठे द्यायचा याची यादी) मुख्य सर्व्हरचा बोगद्यातला आयपी चौकोनी कंसात लिहा, आणि मुख्य सर्व्हरवर बॅकअपला या तपासण्यांतून सूट द्या.

मग राउटरवर पोर्ट २५ पायकडे वळवा. बाहेरून परक्या डोमेनच्या पत्त्यावर जाणारा मेल देऊन पाहा. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ आलंच पाहिजे (आकडा ४५४ किंवा ५५४). त्यानंतरच डोमेनची एमएक्स नोंद (मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणारी): मुख्य १०, बॅकअप २०. लहान आकड्याला पहिला मान. नोंदीत होस्टनेमच हवं, आयपी चालत नाही.

आता मुख्य सर्व्हर बंद करून जीमेलवरून मेल पाठवा, पायवर ‘मेलक्यू’ ही आज्ञा देऊन रांग पाहा. मुख्य सुरू केल्यावर रांग लगेच हलली नाही तर घाबरू नका; दोन प्रयत्नांत तासाहून जास्त अंतर पडू शकतं. घाई असेल तर ‘पोस्टक्यू’ या आज्ञेला ‘उणे एफ’ जोडून चालवा, म्हणजे रांग लगेच पाठवायचा प्रयत्न होतो.