फिल्टर बदलण्याआधी जोडणी तपासा: कंडक्टेड एमिशन मोजताना या चुका टाळा

कंडक्टेड एमिशन म्हणजे उपकरणातून मेन्सच्या वायरींमार्फत बाहेर पडणारा उच्च वारंवारतेचा विद्युत गोंगाट. ६५ किलोहर्ट्झवर स्विच होणारा एखादा लहान फ्लायबॅक (स्विचिंग प्रकारचा) ॲडॉप्टर तपासायला घेतला, की मर्यादेच्या कक्षेत येणारे पहिले शिखर १९५ किलोहर्ट्झवर दिसते. १३० किलोहर्ट्झचा दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेची दुप्पट) मर्यादा जिथून सुरू होते त्या १५० किलोहर्ट्झच्या सीमेखाली राहून सुटतो, आणि डिझायनरांना ६५ हा आकडा आवडण्यामागे हे एक कारण आहेच. सीआयएसपीआर ३२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या क्लास बी (घरगुती वापराच्या) मर्यादेत १५० ते ५०० किलोहर्ट्झच्या दरम्यान क्वासी-पीकची (वारंवार येणाऱ्या शिखरांना जास्त वजन देणाऱ्या मोजणीची) रेषा ६६ वरून ५६ डेसिबल मायक्रोव्होल्टपर्यंत उतरते, त्यामुळे १९५ किलोहर्ट्झला साधारण ६४ ची मुभा मिळते. ॲव्हरेजची रेषा त्याहून १० डेसिबल खाली असते. आपल्या टेबलावर हे आकडे ओलांडलेले दिसले म्हणजे ॲडॉप्टर नापास झाला असे नव्हे, आणि ते ओलांडलेले नाहीत म्हणजे तो पास झाला असेही नव्हे. दोन्ही निष्कर्ष काढण्याआधी मोजणीची जोडणीच संशयाखाली घ्यावी लागते.

सर्वांत जास्त घोळ अर्थिंगमध्ये होतो. एलआयएसएन, म्हणजे बोलताना ज्याला सगळे ‘लिसन’ म्हणतात ते मेन्स आणि उपकरण यांच्यामध्ये बसणारे मोजणीचे नेटवर्क, उपकरणाला ५० ओहम आणि ५० मायक्रोहेन्रीचा ठरलेला इम्पिडन्स दाखवते, पण हे खरे ठरते ते लिसनचे आवरण ग्राउंड प्लेनला (संदर्भासाठीच्या धातूच्या मोठ्या पत्र्याला) उच्च वारंवारतेवरही घट्ट जोडलेले असेल तेव्हाच. मीटरभर लांबीच्या हिरव्या वायरने मल्टिमीटरवर शून्य ओहम दिसतो, परंतु तिचे इंडक्टन्स सुमारे एक मायक्रोहेन्री असते आणि ३० मेगाहर्ट्झला त्याचे जवळजवळ १९० ओहम होतात. एकदा १८ मेगाहर्ट्झच्या आसपासचे असेच एक शिखर खाली आणण्यासाठी मी दोन दिवस वाय कॅपॅसिटर (लाइन किंवा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले) बदलत बसलो होतो. शेवटी लिसनखाली तांब्याची रुंद, विणलेली आखूड पट्टी स्क्रूने आवळली आणि शिखर आपोआप उतरले. पट्टीची लांबी तिच्या रुंदीच्या तिपटीहून जास्त नसावी, आणि ती बसवताना रंग किंवा अ‍ॅनोडायझिंग खरवडून धातूला धातू टेकवावा.

अर्थिंगचा दुसरा भाग जिवाशी संबंधित आहे. लिसनमध्ये लाइन आणि अर्थ यांच्यामध्ये मोठे कॅपॅसिटर असतात. ९ किलोहर्ट्झपासून चालणाऱ्या प्रकारात ते मिळून सुमारे १२ मायक्रोफॅरड भरतात, आणि २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर त्यांतून ०.८७ अँपिअर प्रवाह अर्थमध्ये जातो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अर्थमध्ये गळती झाली की वीज तोडणारा स्विच) यामुळे लगेच पडतो. तो पडू नये म्हणून अर्थची वायरच सोडून देणे ही अक्षम्य चूक आहे, कारण मग लिसनच्या आवरणावर जीवघेणा व्होल्टेज येतो. योग्य उपाय म्हणजे लिसनच्या आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणे आणि आवरण कायमचे अर्थ करणे. मात्र ट्रान्सफॉर्मरच्या पुढे आरसीसीबी तुमचे रक्षण करत नाही, हे लक्षात ठेवूनच हात लावावा.

मांडणी मानकात दिली आहे आणि ती पाळणे अवघड नाही: उपकरण उभ्या ग्राउंड प्लेनपासून ४० सेंटिमीटरवर, लिसनपासून ८० सेंटिमीटरवर, आणि जास्तीची मेन्स केबल ३० ते ४० सेंटिमीटरच्या घड्या घालून बांधलेली. केबल नुसती इकडेतिकडे सरकवली आणि १० मेगाहर्ट्झच्या वरचे रीडिंग बरेच हलले, तर मांडणी अजून पक्की नाही असे समजावे. उपकरणाला यूएसबीने जोडलेला लॅपटॉप त्याच्याच चार्जरवर चालत असेल, तर त्या चार्जरचा गोंगाटही तुमच्या आलेखात मिसळतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

आता लिसनमधून येणारा गोंगाट वारंवारतेनुसार दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनालायझरकडे वळू. डीबीएममध्ये (एक मिलिवॉटच्या तुलनेतल्या डेसिबलमध्ये) दिसणारा आकडा मर्यादेशी जुळवताना ५० ओहमसाठी १०७ मिळवावे लागतात. वर सांगितलेली ६४ ची मर्यादा म्हणजे उणे ४३ डीबीएम. ॲनालायझरला अचानक उसळ्यांपासून वाचवणाऱ्या ट्रान्झियंट लिमिटरने कमी केलेले १० डेसिबल जोडायचे राहून गेले, तर नापास उपकरण ऐटीत पास होते. ॲनालायझरचे इनपुट ओव्हरलोड झाले आहे का, हे पाहण्याची खूण सोपी आहे: लिमिटरच्या आधी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर घाला. सगळी शिखरे बरोबर १० ने उतरली तर ठीक; काही शिखरे १५ किंवा २० ने उतरली, तर ती तुमच्या उपकरणाची नसून लिमिटरच्या डायोडमध्ये किंवा ॲनालायझरच्या मिक्सरमध्ये तयार झालेली होती. वीज चालू वा बंद करताना ॲनालायझर लिसनपासून सोडवलेला असावा, आणि लिसनचे मोकळे पोर्ट ५० ओहमने टर्मिनेट केलेले असावे.

स्वीपची, म्हणजे पूर्ण पट्टा एकदा मोजत जाण्याची, घाई हा नवख्यांचा खास दोष आहे. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ हा पट्टा १००१ बिंदूंमध्ये घेतला, तर दोन बिंदूंमधले अंतर ३० किलोहर्ट्झ होते, तर रिझोल्यूशन बँडविड्थ (ॲनालायझर एका वेळी पाहतो तेवढी खिडकी) असते ९ किलोहर्ट्झ. अशा वेळी ॲव्हरेज डिटेक्टरवर शिखरे चक्क दोन बिंदूंच्या मध्ये हरवतात. बँडविड्थच्या निम्म्या पायरीसाठी ६,६०० हून अधिक बिंदू लागतात. मेन्सच्या प्रत्येक अर्ध्या चक्रात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, येणारा गोंगाट पकडायचा असेल तर प्रत्येक बिंदूवर २० मिलिसेकंद थांबायला हवे, म्हणजे एका स्वीपला दोन मिनिटांहून जास्त वेळ. आधी पीक डिटेक्टरने स्वीप घ्या. पीक ॲव्हरेजच्या रेषेखाली असेल तर पुढे काही मोजण्याची गरजच उरत नाही, आणि वर असेल तेवढ्याच शिखरांवर क्वासी-पीक आणि ॲव्हरेज लावा. फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर मोजा, आणि उपकरण बंद ठेवून पार्श्वभूमीचा स्वीपही नोंदवून ठेवा.

एवढे झाल्यावरही शिखर मर्यादेबाहेर राहिले, तर ते उपकरणाचे आहे असे मानून दुरुस्तीला लागावे. साधारणपणे एक-दोन मेगाहर्ट्झच्या खाली डिफरन्शियल मोडचा (एका वायरने जाऊन दुसरीने परतणाऱ्या गोंगाटाचा) आणि वर कॉमन मोडचा (दोन्ही वायरींतून एकाच दिशेने जाऊन अर्थमार्गे परतणाऱ्या गोंगाटाचा) वरचष्मा असतो, पण हा निव्वळ अंदाज आहे. खात्रीसाठी मेन्स केबलच्या दोन्ही वायरी एकत्र घेऊन उपकरणाजवळ क्लॅम्प फेराइट (केबलभोवती बसणारी चुंबकीय कडी) लावून पाहावे, विशेषतः काही मेगाहर्ट्झच्या वरच्या शिखरांसाठी. डिफरन्शियल मोडचा दोन्ही वायरींतला जाणारा-येणारा प्रवाह फेराइटमध्ये एकमेकांना खोडून काढतो, म्हणून शिखर उतरले तर ते कॉमन मोडचे, आणि मग वाय कॅपॅसिटर, कॉमन मोड चोक आणि ट्रान्सफॉर्मरमधले शील्ड यांकडे पाहावे. शिखर जागचे हलले नाही, तर एक्स कॅपॅसिटर (लाइन आणि न्यूट्रल यांच्यामधले) आणि इनपुटच्या इंडक्टरपासून शोध सुरू करावा.